पोळा झाला की येजो

बाबा, आज एका कंपनीत भरतीचं काम बघणाऱ्या मुलीशी फोनवर बोलताना तुमची फार आठवण आली. तुम्ही जन्मात कधी कॉम्प्युटर दुकानात शिरू दिला नाही, आणि आठवणीला निमित्त झालं ते सॉफ्टवेअरच्या नोकरीचं.

माझी कंपनी सगळ्यांना पुण्याला परत बोलावते आहे. आई नालवाडीचं घर सोडायला तयार नाही आणि मी आईला. म्हणून घरून काम देणारी दुसरी नोकरी शोधली. मुलाखतींवर मुलाखती झाल्या. एकाने समोर बसवून कोड लिहून घेतला, दुसऱ्याने तोच पुन्हा लिहायला लावला, तिसऱ्याने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी म्हटलं, नालवाडीत. ते हसले, मी गंमत करत नव्हते. शेवटी त्या मुलीचा फोन आला, की निवड झाली, पत्र दोन दिवसांत येतं, तुम्ही राजीनामा देऊन टाका. मी दिला. पत्र काही आलं नाही. महिनाअखेरीस जुनी नोकरी संपते, आणि मी फोन केला की ती गोड आवाजात म्हणते, "मॅम, फक्त फायनल अप्रूव्हल बाकी आहे. सोमवारी करून बघा ना."

हा सूर माझ्या ओळखीचा आहे. आर्वीचं तुमचं आणि मोठ्या काकांचं कापडाचं दुकान, मी शाळेतून येऊन गादीच्या कडेला बसलेली. नाचणगावचा एक माणूस काम मागायला येतो. तुम्ही त्याला साड्यांच्या घड्या घालायला लावता, गिऱ्हाइकाशी बोलायला लावता, खूश होता आणि म्हणता, "पोळा झाला की येजो." तो पोळ्यानंतर येतो. "दसरा होऊ दे." दसऱ्यानंतरही येतो, एसटीने, धुतलेला शर्ट घालून. दर वेळी तुम्ही त्याच्यासाठी चहा मागवता. एकदा मी विचारलंच, "बाबा, ठेवाचं नाई तं नाई म्हणा ना. काऊन बलावून राह्यले त्याले?" तुम्ही कात्री उगाच पुसत म्हणालात, "चाय तं पेऊन जाते ना तो." मला तुमचा राग आला होता, आणि त्याच्या भोळेपणाचं हसू.

आज मी त्या मुलीला सरळ म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर म्हणून टाका, मी रडणार नाही. मग तिचा ऑफिसातला आवाज गळून पडला, आणि ती आपल्याच भागातली निघाली. "ताई, मलेच कोनी काई सांगत नाई वो. मी रोज इचारतो साहेबाले."

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. गल्ल्याची किल्ली मोठ्या काकांच्या कमरेला असायची. माणूस ठेवायचा तर त्यांना विचारावं लागत असेल, हे मला कधी सुचलंच नाही. तुम्ही विचारलं होतं का? त्यांनी नाही म्हटलं, की तुम्हालाही पोळा-दसराच सांगितला? चहा मागवणं तेवढंच तुमच्या हातात होतं का? काकाही गेले. आईला विचारलं तर म्हणते, "मले काय मालूम दुकानातलं." म्हणून तुम्हालाच लिहायला बसले, पाठवायचं कुठे ते ठाऊक नसताना.

तो माणूस दिवाळीनंतरही आला होता. तो का येत राहिला, हे मात्र आता तुम्हाला विचारायला नको. मी सोमवारी फोन करणार आहे.