भिंतीच्या अलीकडची वाइन

प्रिय ओदील,

सगळ्यांत आधी आली ती शेजारची इव्हॉन, आणि तीही नवऱ्याला चढावर मागे टाकून. एका हातात गुजेरांचं, त्या चीज घातलेल्या फुगीर गोळ्यांचं, ताट, फडक्याखालून अजून वाफ येत होती, आणि काखेत मोजा घातलेली बाटली. दारातूनच ओरडली, "लेऑन्तीन काकू, फिर्मिनच्या गुडघ्याची वाट बघत बसले असते ना, तर चीजचा पार दगड झाला असता!" मागून फिर्मिन आला धापा टाकत. म्हणाला, बायको पुढे निघून गेली की रस्ताभर कशी छान शांतता असते. आणि त्याच्यामागून पिंपं बांधणारा क्लोव्हीस, त्या आपल्या ओल्या कुत्र्यासकट. कुत्र्याला मी अंगणातच बांधायला लावलं. मागच्या खेपेला त्यानं माझं पार्स्ली घातलेलं हॅम सबंध फस्त केलं होतं आणि वर ढेकर दिली होती. क्लोव्हीस म्हणतो कुत्रे ढेकर देत नाहीत. त्याचा देतो. मी ऐकली आहे.

मोज्यांचा रविवार होता गं. द्राक्षतोडणीच्या आधीचा, आणि यंदा पाळी आपल्या तळघराची. तू हे पत्र तिकडच्या मैत्रिणींना वाचून दाखवशील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येकानं एक बाटली आणायची, तिला लोकरीचा मोजा चढवायचा, कुणाची कोणती ते सांगायचं नाही, आणि घरधन्यानं नुसत्या घोटावरून जमीन ओळखायची. गाव ओळखलं तर त्यात काय मोठं, ते कुणीही ओळखेल. शेताचा तुकडा सांगायचा, आणि जमलं तर चढावर किती उंच तेही. आन्सेल्म, तुझा बाबा, यात कधी चुकलेला नाही, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुझं पिंप, गेल्या तोडणीत तू कोल्हेशेपटीतल्या वरच्या ओळी वेगळ्या काढून भरलेलं, रिकामं होणार होतं. हे तुला मी आधी कळवलं नाही, उगाच तिथं रडत बसली असतीस. तू गेलीस त्याच आठवड्यात आन्सेल्मनं त्याच्यावर खडूची फुली मारून ठेवली होती. नव्या वाइनला पिंपं कमी पडतात, तेव्हा तोडणीच्या आत तुझं ते एकुलतं पिंप मोठ्या टाकीत ओतायचं, असं त्याचं ठरलेलं. एकदा टाकीत पडली की तुझी वाइन कुठली आणि खालच्या पट्ट्यातली कुठली, देवालासुद्धा सांगता आलं नसतं. तुझ्या बाबाशी समोरून बोलायचं म्हणजे बैलाला मागे ढकलायचं. मी कोंबड्यांना दाणे घातले आणि विचार करत राहिले.

फेब्रुवारीतला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानं तुझ्या पिंपातला घोट घेतला, तळघराच्या जमिनीवर थुंकला आणि म्हणाला, "सिरका." एवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. मग तू म्हणालीस की कोल्हेशेपटी आणि खालचा पट्टा या दोन जमिनी आहेत, उगाच आपण एकीला दुसरीत बुडवतो. तो म्हणाला, त्याच्या बापानं बुडवली, आजानं बुडवली, आता तू वर काढणार? मग बोर्दोची नोकरी निघाली. तर म्हणतो कसा, "जा! तिथं चार जातींची द्राक्षं एका टाकीत घालतात, तुला चांगलं मिसळायला शिकवतील!" आणि तू दारातून म्हणालीस, "आणि तुम्हाला वेगळं करायला कोण शिकवणार, बाबा?" मला हसू येत होतं आणि तू निघालीस म्हणून रडूही, मग मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरले.

कोल्हेशेपटीचं काय आहे, ते मला पायानं माहीत आहे गं, डोक्यानं नाही. शाळेत मी गेले ती दोन हिवाळे. खालच्या पट्ट्यात पाय रुततो, लाल चिकण माती बुटाला धरून घरापर्यंत येते, पाऊस पडला की पाणी तिथंच बसून राहतं आणि एप्रिलात थंडीसुद्धा तिथंच येऊन झोपते. वर, जिथं शेत फिर्मिनच्या मठमाळाच्या भिंतीला लागून निमुळतं होत जातं, तिथं माती म्हणजे पोळीवर लोणी लावावं तेवढी. तिच्याखाली पांढरा दगड. सकाळचं पहिलं ऊन तिथं पडतं आणि दगड ते धरून ठेवतो. उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच्यावर बसलं तर घागऱ्यातून ऊब लागते. तुझे आजोबा, यूजेन, म्हणायचे, खालची वेल खुर्चीत बसून जेवते आणि वरचीला दगडाच्या फटीत हात घालून जेवण शोधावं लागतं. म्हणून खालचं द्राक्ष गुबगुबीत आणि वरचं लहान, जाड सालीचं.

आणि ती एवढीशी माती तरी वर राहील म्हणशील तर नाही. पाऊस आला की खाली उतरते. मग हिवाळ्यात आम्ही ती परत वर न्यायचो. यूजेन खाली बांधाशी खणायचा, पाठीवरच्या टोपलीत भरायचा आणि मी घेऊन चढायचे. चामड्याचे पट्टे खांद्यात रुतायचे. वर पोचलं की नुसतं पुढे वाकायचं, माती डोक्यावरून सळकन जमिनीवर. केसांत, कानांत, गळ्यात माती. माझी सासू म्हणायची, "सपाटीवरची पोरगी आहे, तिला चढ काय झेपणार!" सपाटीवरच्या त्या पोरीनं शेवटी सासूलाही पाठीवर घेऊन जिना चढवला, पण ते नंतर, तिचे पाय गेल्यावर. तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली होती की मातीपेक्षा मी हलकी आहे ना गं? मी म्हटलं, हलक्या आहात, पण माती बोलत नाही. खूप हसली होती.

हां, तर तुझं पिंप. तू गेल्यापासून ते मीच भरत होते. पिंपातली वाइन उडते, जागा रिकामी होते, हवा शिरली की खरंच सिरका व्हायचा. पण भरायचं कशानं? तुझी दुसरी वाइन नव्हतीच आणि टाकीतली घातली असती तर मग ओतण्यात आणि भरण्यात फरक काय राहिला? म्हणून जुन्या बायका करायच्या तसं केलं. नदीतले गोल काळे गोटे आणले, उकळून घेतले आणि दर शनिवारी एकेक आत सोडला, वाइन तोंडाशी येईपर्यंत. आपल्या शेतातला पांढरा दगड चालत नाही बरं, तो आंबटात विरघळतो आणि चव बदलते. पोस्टमननं मला नदीकाठी गोटे निवडताना पाहिलं आणि गावभर सांगितलं की लेऑन्तीन काकूंचं आता वय झालं. होऊ दे.

मग मे महिना आला, तळघर जरा कोमट झालं, आणि एक दिवस गोटा सोडायला गेले तर पिंप बोलत होतं. कान लावला. आत बारीक चुरचुर, तव्यावर लोणी विरघळताना होते तशी. तुझ्या बाबानं थंडीत चाखून निकाल लावून टाकला होता, पण दगडावरची वाइन उशिरा उठते हे तो घाईत विसरला. ती आता कुठे दुसऱ्यांदा फसफसत होती, आपली आंबट धार स्वतःच घासून काढत होती. दोन आठवडे चालली ती चुरचुर. मी कुणाला सांगितलं नाही. चाखलंसुद्धा नाही. तुझ्यामागे चाखणं बरं वाटेना.

रविवारी मात्र सकाळी, आन्सेल्म चर्चला गेला तेव्हा, मी काचेची नळी घेतली, तुझ्या पिंपातून एक बाटली भरली आणि यूजेनचा राखाडी मोजा तिला चढवला. ठेवून दिली इतर बाटल्यांच्या रांगेत, जशी कुणीतरी आणलेली. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं आणली.

पहिली क्लोव्हीसची निघाली. आन्सेल्मनं नाक घातलं, घोट घेतला, थुंकला. "उताराखालची. पाणी साठतं तिथली. तुझ्या मेहुण्याची." क्लोव्हीस म्हणाला, "चूक! त्याच्या बायकोची. तो काही करतो का?" सगळे हसले आणि बाबानं टाळी घेतली. मग माझा राखाडी मोजा आला. नाक घातलं. घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि ओदील, थुंकला नाही. गिळला. इव्हॉननं माझ्याकडे पाहिलं, मी गुजेरांकडे पाहिलं.

"थांबा," म्हणाला. परत एक घोट. "ही आधी काहीच बोलत नाही. थंड दगड, पाटी चाटल्यासारखा. मग मागून चेरी, पण गर नाही, बी फोडल्यावर येते ती. आणि आता बघा, घोट गेला तरी जिभेच्या कडेला मीठ आहे." त्याला असं बोलताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "चिकण मातीतून असलं येत नाही. चिकण माती भेटल्या भेटल्या मिठी मारते. ही नुसता हात पुढे करते आणि उभी राहते. पातळ माती, खाली पांढरा दगड, सकाळचं ऊन." मग त्यानं पेला खाली ठेवला आणि फिर्मिनच्या खांद्यावर थाप मारली. "तुझा मठमाळ. वरचा भाग, भिंतीला लागून. लेका, तुझ्या हातून एवढं चांगलं झालं कसं? झोपेत केलंस का?"

फिर्मिन म्हणाला, "झालं असतं तर मी आजपर्यंत गप्प बसलो असतो का? माझी बाटली ती निळ्या मोज्यातली. अजून उघडलीच नाहीस." इव्हॉन म्हणाली, "आणि आमच्या मोज्याला भोक आहे, बघून घे." सगळ्यांनी क्लोव्हीसकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले. मग सगळे माझ्याकडे. मी फडक्यानं हात पुसले आणि म्हटलं, "आन्सेल्म, बरोबर आहे तुझं. भिंतीला लागूनच आहे. फक्त भिंतीच्या अलीकडे."

बाहेर कुत्रा साखळी चावत होता. मग फिर्मिन जो हसायला लागला! "एका भिंतीनं चुकलास! माझ्या आजानं ती रचली नसती तर बरोबर होतास की!" इव्हॉन म्हणाली, पाडून टाका मग ती भिंत. फिर्मिन म्हणाला, "पाडू? मग ही पण माझीच झाली!" क्लोव्हीस डोळे पुसत होता. बोर्दोला जाणारी पोरगी वेगळं करून गेली आणि इथला बाप मिसळत बसला, असं काहीतरी बडबडत होता.

तुझा बाबा पायरीवर बसला. कान लाल. पेला पुढे केला, मी भरला, तो त्यानं शेवटपर्यंत प्यायला, सावकाश. मग उठला, तुझ्या पिंपापाशी गेला, हात ठेवला त्याच्यावर, आपण आजारी गाईच्या पोटावर ठेवतो तसा. "आई, हे भरत कोण होतं?" मी म्हटलं, मी. "कशानं?" गोट्यांनी. तेव्हा तो हसला बघ, डोकं हलवत. बाहीनं खडूची फुली पुसली, खडू मागितला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, कोल्हेशेपटी. पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाला, "क्लोव्हीस, यंदा मला एक पिंप जास्त लागेल. नाही, दोन. वरच्या ओळी या वर्षीही वेगळ्या काढणार." क्लोव्हीस म्हणाला, तोडणी तोंडावर आल्यावर सांगतोस, मी काय पिंपं खिशात घेऊन फिरतो? पण आणून देणार आहे.

रात्री जेवताना आन्सेल्मनं सूपमध्ये पाव बुडवत विचारलं, "तिनं वरच्या ओळी कधी तोडल्या होत्या? खालच्याच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, मला काय माहीत, तिला विचार. तो म्हणाला, "तू लिहितेसच ना तिला. लिही." आणि जरा वेळानं, "तोडणी पुढच्या आठवड्याच्या शेवटी आहे, तेही लिही." तर लिहिलं. याच्यापुढे तो एक शब्द बोलणार नाही, आणि याचा अर्थ काय ते तुला मी सांगायला नको.

पण मी कागद घेऊन बसले ती त्याच्यासाठी नाही गं बाळा. रविवारी सकाळी बाटली भरताना काचेच्या नळीत उरलेला घोट मी प्यायले. उभ्यानंच, एप्रनमध्ये. ती माती मी सगळं तरुणपण पाठीवरून वर नेली, केसांतून झाडली, यूजेन गेला त्या हिवाळ्यातसुद्धा एकटीनं नेली. आणि तिची चव मला कधी कळली नव्हती, कारण दरवर्षी आम्ही ती टाकीत मिसळून टाकायचो. तू वेगळी ठेवलीस म्हणून या वयात मला ती भेटली. केवढी सुंदर आहे गं! मी तिथंच पिंपाला टेकून उभी राहिले आणि यूजेनला हाक मारून सांगावंसं वाटलं, अरे, आपण हे वर नेत होतो! तुझे उपकार कसे मानायचे मला येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. ये किंवा नको येऊस, तुझं तू ठरव, पण आजी तुझ्यावर खूश आहे हे ध्यानात ठेव. कोल्हेशेपटीची बाटली हिवाळ्यात भरायची आहे, आणि इव्हॉन, फिर्मिन, क्लोव्हीस तिघंही ती उघडायला परत यायचं कबूल करून गेले आहेत: बावीस जानेवारी, आपल्या द्राक्षवाल्यांच्या संत व्हिन्सेंटचा दिवस, मिरवणूक संपली की थेट आपल्याकडे.

तुझीच,
लेऑन्तीन आजी