शेवटचं कोहळं

३ जानेवारी, अमरावती

नाताळ संपला, पाहुणे गेले, करंज्यांचे डबे तळाला लागले. आता घरात मी आणि पप्पा. स्कॉटलंडच्या थंडीतून आलेल्या माणसाला इथे स्वेटर घालायची खरं तर लाज वाटायला हवी. पण पप्पा ओरडतात, म्हणून घालते.

सकाळी दोघं जाऊन गिलावडा खाल्ला. गाडीवाल्याने विचारलं, "ताई, तिकडे काय शिकून राह्यल्या?" म्हटलं, चर्चचा इतिहास आणि ईश्वरविज्ञान. तो: "म्हंजे फादर होनार?" पप्पा चटणी निपटत म्हणाले, "होऊ शकते." जन्मभर पोरांना गणित शिकवलं या माणसाने, पण स्वप्नं बघताना हिशेब नाही.

जेवणाआधीचे आभार घरातल्या सगळ्यात लहानाने मानायचे, हा मम्मीचा नियम. मम्मी गेल्यावरही मोडलेला नाही. मी लहानपणी पाठ केलेल्या त्याच ओळी म्हटल्या. पप्पांचं "आमेन" इतकं मनापासून आलं की मी ताटावरून मान वर केली नाही.

प्रा.: नाही.

(प्रा. म्हणजे प्रार्थना. हा रकाना दहावीपासून चालू आहे. केली की टिक. गेल्या लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांपासून, एकही टिक नाही.)

५ जानेवारी, अमरावती

बाईंचा ईमेल. (माझ्या मार्गदर्शक. स्वभावाने गोड, प्रबंधाच्या बाबतीत सावकार.) दुसरं प्रकरण कुठवर आलं? म्हणे उत्सुक आहे.

प्रकरण असं: सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्याआधी लोकांना बराच काळ शिकवत. हे शिकाऊ लोक उपासनेला येत, शास्त्रपाठ ऐकत, संदेश म्हणजे प्रवचन ऐकत. मग त्यांना बाहेर पाठवून दार लावून घेत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, फक्त आतल्यांचं. मला त्या बाहेरच्यांचा अभ्यास करायचा आहे. आत काय चाललं होतं यावर कपाटं भरून पुस्तकं आहेत, बाहेर ते काय करत उभे राहत यावर फार थोडं.

श्रद्धा पुस्तकांनी गेली असं कुणी म्हटलं तर मला राग येईल. पुस्तकं बिचारी काय करतील. आणि गेली तरी का, तेही माहीत नाही. एवढंच की डोळे मिटले की निबंध सुरू होतो. "हे स्वर्गीय बापा" म्हटलं की लगेच खाली तळटीप. पप्पांना कसं सांगू? त्यांना वाटतं मी तिकडे दिवसभर देवाच्या मांडीवर बसून अभ्यास करते.

सांगायचं. जाण्याआधी सांगायचंच.

प्रा.: नाही.

८ जानेवारी, अकोला

आत्याकडे. एस.टी.त मूर्तिजापूरपर्यंत उभी. निघताना नेहमीप्रमाणे: रिक्षा दारात, बॅगा रिक्षात, आणि आम्ही दोघं हॉलमध्ये गुडघ्यांवर. प्रवासाआधी प्रार्थना झाल्याशिवाय आमच्या घरातून दूध आणायलाही कोणी गेलेलं नाही. रिक्षावाल्या रहीमभाईंना सवय झाली आहे. इंजिन बंद करतात, टोपी सारखी करून उभे राहतात, शेवटी हळूच तेही "आमीन" म्हणतात.

आत्या दारातच. "किती वायली वो तू! खायाले देत नाही का ते गोरे?" ती मिशनच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाली, पण आवाज अजून वॉर्डातला आहे.

रविवारी इथल्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण. मी तिच्यासोबत जायचं, निळी साडी नेसायची, आणि ब्लाऊज ढिला होतो ही तक्रार करायची नाही.

११ जानेवारी, अकोला

घोळ झाला. मोठा घोळ. क्रमाने लिहिते.

चर्चमध्ये वेदीपुढे लोकांनी वाहिलेल्या मालाचा नुसता बाजार: तुरीच्या शेंगा, ज्वारी, कापूस, संत्री, पालक, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा. तो संदेशभर मध्येच बोलत होता आणि पाळकसाहेब त्याला जागा देत होते. उपासना झाली की अंगणात लिलाव. लिलाव पुकारणारे दानिएलकाका. संत्र्यांवर चढाओढ, कोंबड्यावर तर मेहुण्या-मेहुण्यांत भांडणच. मला किती मजा आली! तिकडची सगळी ग्रंथालयं जिच्यावरून ओवाळून टाकावीत अशी सकाळ.

सगळ्यात शेवटी एक कोहळं, म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा. चांगलं मोठं, लालबुंद. दानिएलकाकांनी पुकारा केला. कोणी बोलेना. पुन्हा पुकारा. सगळे नुसते हसत उभे. मला त्या कोहळ्याची दया आली, देणाऱ्याला किती वाईट वाटेल असं मनात आलं, आणि मी हात वर केला.

टाळ्या. केवढ्या टाळ्या! पलीकडे एक गृहस्थ हात अर्धा वर नेऊन थांबले होते, त्यांनी तो हात खाली घेतला आणि देवाचे आभार मानल्यासारखा चेहरा केला.

आत्या माझ्या कानाशी: "अवं पोट्टे! कोहयं काहून घेतलं?"

तर अकोल्याच्या मंडळीची रीत अशी. शेवटच्या कोहळ्यावर कोणी बोली लावतच नाही. ज्या घराची पाळी, त्याच घरातलं माणूस हात वर करतं. आणि कोहळं ज्याचं, त्याच्या घरी येत्या शुक्रवारी प्रार्थनासभा, सगळ्यांना त्याच कोहळ्याची गूळ घालून तळलेली बोंडं, आणि संदेशही त्यानेच द्यायचा. आमच्या अमरावतीत कोहळं म्हणजे भाजी. मला काय स्वप्न पडलं होतं?

दानिएलकाका भर अंगणात: "यंदा आपल्याले परदेशात शिकलेली पोरगी संदेश देनार!" परत करते म्हटलं तर म्हणाले, "वाहिलेलं परत होत नाही, बेटा."

घरी पोचायच्या आत पप्पांचा फोन. बातमी अमरावतीला पोचलीसुद्धा. "मी शुक्रवारी येतो," म्हणाले. आवाज ओला होता. आता?

१३ जानेवारी, अकोला

आत्याला मस्का लावला. तू दे ना संदेश. "मायं काम बोंडं तयाचं. तुयं काम बोलाचं."

संदेश लिहायला बसले. चार पानं झाली. वाईट म्हणजे चांगली झाली. सगळी वाक्यं मला येतात, कुठे आवाज खाली आणायचा तेही येतं, पप्पांचंच ऐकून वाढले आहे. अशीच उभी राहून म्हणून टाकली तर कोणाला कळणार नाही. पप्पा सुखाने परत जातील. मी सुखाने विमानात बसेन. यात वाईट काय आहे?

वाईट हे की पप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवतील, आणि ती मान मला दिसेल.

स्वयंपाकघरात आत्याला वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. "छान आहे वो. येकदम पुस्तकासारखं." तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुले बरं नाही का?"

म्हटलं, बरी आहे. थंडीचं डोकं दुखतं.

प्रा.: नाही. मागायचं झालं तर एकच मागितलं असतं: शुक्रवारी ताप येऊ दे.

१६ जानेवारी, अकोला

ताप आला नाही.

दुपारी पप्पा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट वेगळ्या पिशवीत, चुरगळू नये म्हणून. आत्या कोहळं किसत होती, मी गूळ. पप्पा मध्ये खुर्ची टाकून बसले आणि दोघींच्या चुका काढल्या.

संध्याकाळी घर भरलं. चपला पार फाटकापर्यंत. पेटी, तबला, दोन गाणी. मग मी उभी राहिले. हातात चार पानं. पप्पा पहिल्या रांगेत, मान हलवायच्या तयारीत.

पहिलं पान वाचलं: ते शिकाऊ लोक, ते दार. लोक ऐकत होते. दुसरं पान उलटलं, त्यात "म्हणून आपणही" असं सुरू होतं, आणि मला ते "आपणही" तोंडातून काढता येईना. पानं खाली ठेवली.

म्हटलं, मी सध्या दाराबाहेर आहे. मी अभ्यास करते, पण मला प्रार्थना करता येत नाही. बरेच महिने झाले. खोटं बोलून तुमचं कोहळं बाटवायचं नाही. शेवटची प्रार्थना दुसऱ्या कोणी करावी.

एवढंच. खाली बसले. पप्पांकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "अन् बाई, त्यायले बाहेर काढत, तं जेवाले देत का नाही?"

म्हटलं, काही ठिकाणी देत. आतल्यांपेक्षा वेगळी भाकर, पण देत.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या.

दानिएलकाकांनी प्रार्थना केली. माझं नाव घेतलं नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी. मग बोंडं. आत्याने पहिली ताटली माझ्यापुढे आदळली. रागाने की मायेने ते कळलं नाही, तिच्याकडे दोन्हींची पद्धत एकच.

पप्पांनी एकच बोंड खाल्लं.

१७ जानेवारी, अमरावती

परतीची एस.टी. पप्पांनी मला खिडकी दिली. बडनेऱ्याला त्यांनी विचारलं:

"कधीपासून?"

"गेल्या लेंटपासून."

त्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग: "मले आधी सांगाचं होतं, बेटा. सगळ्यायसोबत कळलं मले. रांगेत बसून."

खरं आहे. खोटं बोलायचं नाही एवढंच धरून बसले, आणि बापाला मंडळीतला एक माणूस करून टाकलं. सॉरी म्हटलं. त्यांनी बॅग मांडीवरून खाली ठेवली, परत मांडीवर घेतली.

रात्री ताटं वाढली. मी डोळे मिटते न मिटते तोच पप्पांनी स्वतःच आभार मानले. मम्मीचा नियम पहिल्यांदा मोडला. मला हलकं वाटायला हवं होतं. मी मोरीत जाऊन रडले.

१९ जानेवारी, अमरावती

अजून तसंच. वागणं गोड, पण पाहुण्याशी वागावं तसं. माझ्यासाठी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, त्यांना नीट येत नसताना. "तिखट झालं का?" दोनदा विचारलं. मला भांडण हवं होतं.

बॅग भरताना ते दाराशी येऊन उभे राहिले. "ते तुये शिकाऊ," म्हणाले, "बाहेर किती दिवस राहत?"

"कोणी दोन वर्षं, कोणी तीन. काही तर म्हातारे होईपर्यंत."

"अन् मंडळी वाट पाहे?"

"हो. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत. नावं घेऊन."

"हं," म्हणाले, आणि कुलूप शोधायला गेले. कुलूप माझ्या हातातच होतं.

२१ जानेवारी, रेल्वेत

रहीमभाई वेळेवर. बॅगा रिक्षात. मी हॉलमध्ये उभी. गुडघे टेकू की नको, कळेना. पप्पांनी सतरंजी अंथरली आणि माझ्या बाजूला हाताने थोपटलं. "बस."

बसले. म्हणाले, "तू काही म्हनू नोको. मी करतो. तू आमेन म्हन. जमलं तं."

एरवी त्यांची प्रार्थना स्कॉटलंडपर्यंतची सगळी स्टेशनं घेते. आज लहानशी. माझं नाव होतं, माझा स्वेटर होता, बाईंचं दुसरं प्रकरण होतं. देवाला सांगितलं की ही दाराशी उभी आहे, बाहेर थंडी आहे, लक्ष ठेव. मग थांबले.

दारातून रहीमभाईंचं "आमीन" आलं. पप्पा अजून थांबलेले. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, देवाशपथ. पण त्यांच्यासाठी म्हटलं असतं, आणि ते त्यांना ओळखू आलं असतं. मी नुसता त्यांचा हात घट्ट धरला. गाडीची वेळ झाली. स्टेशनवर त्यांनी माझा स्वेटर गळ्यापर्यंत लावला, लहान असताना लावायचे तसा.

अकोल्याला आत्या फलाटावर, डबा घेऊन. कोहळं अर्धं राहिलं होतं म्हणे, त्याची बोंडं. खिडकीतून डबा आत सारत:

"काय वो, तुयं आमेन राह्यलं म्हन्ते! दादाचा फोन आलता."

डबा तसाच धरून विचारलं, "चिडले आहेत का?"

"चिडते कायचा. मले म्हने, गाडीवर जाय अन् तिले सांग, घाई नाही म्हना."

गाडी हलली. ती थोडी सोबत चालली, मग थांबली. डबा मांडीवर आहे, अजून गरम.

प्रा.: पप्पांनी केली. आमेन माझ्याकडे बाकी.