तुम्ही प्यालेले नव्हता

अहो,

लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेरी गेले तरी चार दिवसांत तुम्हीच न्यायला यायचात. आज लिहायला बसले, कारण काल सुमनला पाहायला मलकापूरची माणसं आली होती. हो, आपली सुमन! मॅट्रिक झाली, माझ्यापेक्षा उंच झाली.

मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "मास्तर कशानं गेले?" माझा दादा पुढं बसला होता. "पोटाच्या आजारानं," एवढं बोलून तो सतरंजीकडे पाहत राहिला. काकांना काय समजायचं ते समजलं. मी दारात उभी होते आणि मीही गप्प राहिले.

पाहुणे गेल्यावर कपबशा विसळताना सुमननं विचारलं, "आई, बाबा खरंच पेत होते काय व?"

"नाही व माय."

"मंग तू त्याहिले माह्या डोक्यावर हात ठेवाले काऊन लावला होता?"

तेव्हा ती चौथीत होती, पण तिला सगळं आठवतं. तुम्हाला मात्र काहीच आठवत नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगायला हवं.

तुमचं दुखणं किती गुपचूप आलं! आधी जेवण जाईना. मी ओवा देत राहिले, हिंग लावत राहिले. मग पायांवर सूज आली, बोट दाबलं की खड्डा राहायचा. डोळे पिवळसर झाले, हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं. तरी तुम्ही शाळा सोडली नाही. का हो इतका हट्ट? पोरांना काही दिवस सुटी मिळाली असती तर त्यांनी तुम्हाला दुवाच दिला असता!

मलकापूरच्या डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून पाहिलं, पोटावर बोटं वाजवली. "पोटात पाणी झालंय. लिव्हर खराब आहे. मास्तर, खरं सांगा, रोज किती घेता?"

"दोन कप. साखर जरा जास्त लागते," तुम्ही म्हणालात.

आता मला त्या उत्तराचं हसू येतं. तेव्हा आलं नाही. डॉक्टरही हसले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "सगळे असंच सांगतात, बाई."

परत येताना एसटीत तुमचा डोळा लागला आणि मी वाकून तुमच्या तोंडाचा वास घेतला. मग रोजच तुमचा सदरा हुंगायचा, पिशवी चाचपायची. एकदा तुम्ही पाहिलंत. "काय शोधून राह्यली?" मी म्हटलं, "खडू." तुम्ही खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवलात. तुम्हाला कळलं होतं का हो?

मग हेडमास्तरांनी तुम्हाला भरदुपारी घरी पाठवलं तो दिवस. तुमचा तोल जात होता, जीभ जड झाली होती. मला तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारलीत. चपला काढून माठाशेजारी ठेवायला लागलात. नेमका दादा आला होता. तो ओरडला, "पिऊन आले तुये मास्तर! डोळे तं पाह्य त्याहिचे!"

तुमच्या अंगाला कसलाच वास नव्हता. तरी मी दादाचंच खरं मानलं. सुमनला ओढून तुमच्यापुढं उभी केली. "ठेवा हिच्या डोक्यावर हात. म्हणा, पेत नाही." तुम्ही हात ठेवलात. तो थरथरत होता, पंजा सारखा खालीवर होत होता. मला वाटलं, खोट्या शपथेला हात कापतोय! सुमन रडायला लागली. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून "पाणी" एवढंच निघालं. मी आत निघून गेले. पाणी पोरीनं दिलं.

सकाळी तुम्ही धड जागे होईनात, तेव्हा दादानं जीप करून बुलढाण्याला नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुमचे हात समोर धरायला लावले. पंजे तसेच फडफडले. "पोट साफ होतं का यांचं?" मी म्हटलं, बरेच दिवस नाही. "बाई, ही नशा नाही. लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातलं विष डोक्यात चढतं. बद्धकोष्ठानं आणखी वाढतं. पूर्वी कधी कावीळ झाली होती?"

तुम्हीच मला सांगितलं होतं. लग्नाआधी टायफॉईड झाला, कुठंशी इंजेक्शनं घेतली आणि काही महिन्यांनी कावीळ झाली. डॉक्टरांनी मान हलवली. "सुई नीट उकळलेली नसेल. त्यातूनही कावीळ लागते. वरून बरी झाली तरी कधी कधी आतून लिव्हर कडक करत राहते. दारूला न शिवणाऱ्या माणसालाही हे होतं."

दादा तेव्हा बाहेर जीपवाल्याशी बोलत होता. ऐकलं ते मी एकटीनंच.

एनिमा दिला, औषधं दिली, डाळ बंद केली. हळूहळू तुम्ही भानावर आलात. "म्या काही वेडंवाकडं बोललो काय?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हटलं.

तेव्हाच सगळं बोलून पाय धरायला हवे होते. तुम्हाला आठवत नाही हे पाहून मला हायसं वाटलं, अहो! तुम्ही वर म्हणालात, "तू होती म्हणून निभावलं." त्यानंतर अळणी भाज्या केल्या, गोळ्या वेळेवर दिल्या, सुईनं पाणी काढताना तुमचं डोकं मांडीवर घेतलं. सगळं केलं, तेवढं एक बोलले नाही. मग ती रक्ताची उलटी झाली, आणि कुणाशी बोलायचं तेच उरलं नाही.

काल मोरीपाशी बसून सुमनला हे सारं सांगितलं. तिनं शेवटची कपबशी पालथी घातली. मग म्हणाली, "मामाले अजून तसंच वाटते. तू त्याहिले काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"बाबाची?"

"नाही, माही."

ती उठून गेली. आज सकाळी चहा आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "सोयरीक मोडली तरी चालते. पण सांग."

सांगते. तुम्हाला वचन देते. आज दादा आला की आधी त्याला, मग त्याला घेऊन मलकापूरला, काकांच्या बैठकीत. म्हणेन, सुमनच्या वडिलांचं लिव्हर जुन्या काविळीनं गेलं, दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही, आणि त्यांच्यावर संशय घेणारी मी होते. शेवटचं कशाला सांगतेस, असं दादा म्हणेल. मी तेच पहिल्यांदा सांगणार आहे.

तुमची,
कमल