राजदूतवरचे सतरा स्टिकर

३ मार्च १९९६, रविवार. सकाळी ८
निर्णय झाला. मोटारसायकलवरचे सगळे स्टिकर काढायचे. मोजले, सतरा भरले. टाकीच्या दोन्ही अंगांना ज्वाळा, वर गरुड, हेडलाइटवर दोन डोळे, मागच्या मडगार्डवर ‘नो टेन्शन’. बाकी किरकोळ.
कारण करुणा. मागच्या वर्षी सणसरला लग्नाला जाताना म्हणाली होती, “ह्या गाडीवर बसायची लाज वाटती. जत्रंतल्या पाळण्यावानी दिसती.” तेव्हा मी हसलो. आता वाटतं, तिच्या नाराजीचं मूळ हेच. दिवाळीनंतर चार दिवस म्हणून माहेरी कळसला गेली, ती अजून तिकडेच. भांडण वगैरे काही नाही.
प्लॅन : आज स्टिकर, उद्या पॉलिश, पुढच्या रविवारी कळस. रंगावर ओरखडा नको. माळेगावच्या कारखान्यात बारा वर्षं लॅबमध्ये उसाचा रस तपासतोय. चिकटपणा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

दुपारी १
एक कोपरा निघाला. नखाचा.

४ मार्च, सोमवार
रॉकेल लावलं. रेडियमचा कागद अख्खा निघत नाही, भुगा होतो. दोन तासांत ‘नो टेन्शन’मधला ‘नो’ गेला. दिवसभर गाडी तशीच घेऊन फिरलो. लॅबमध्ये सगळ्यांनी वाचलं.

५ मार्च, मंगळवार
शेजारच्या दगडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “सोमनाथराव, ऊन पाण्याचं फडकं ठिवा की थोडा येळ. बरणीवरचा कागद आमी तसाच काढतो.” मी म्हणालो, ही बरणी नाही, राजदूत आहे.
त्या आत गेल्यावर माझ्या पद्धतीत थोडा बदल केला. पाणी तापवून फडकं ठेवलं. दोन्ही डोळे अलगद सुटून आले. एकूण सहा स्टिकर गेले. पद्धत माझीच, पाणी फक्त गरम.
काम करताना घरात रेडिओ चालू ठेवतो. घरात कुणी आहे असं वाटतं. म्हणजे शेजाऱ्यांना.

७ मार्च, गुरुवार
बारामतीला बाजाराचा दिवस. रामहरी पेंटरला भेटलो. तो म्हणाला, “ऊन करा, आडवं धरून हळू वडा. डिंक ऱ्हायला तर खोबरेल चोळा आन् दमानं पुसा. थिनर नका लावू, रंग उचलंल.” रामहरीला घाई नसते. मला रविवार गाठायचाय. येताना थिनर घेतलं.

९ मार्च, शनिवार
गरुड गेला. त्याच्याबरोबर तळहाताएवढा रंगही गेला. खालचा पत्रा दिसतोय. दोष थिनरचा नाही, जुन्या रंगाचा.
ज्वाळा मात्र खोबरेलाने सुरेख निघाल्या. फक्त त्यांच्याखाली लाल रंग नवाकोरा आहे आणि आजूबाजूचा उन्हाने विटलाय. त्यामुळे ज्वाळा नसल्या तरी दिसतात. लांबून तर जास्तच.

१० मार्च, रविवार
कळस पुढे ढकललं. अर्धवट काम दाखवणं बरं नाही. भाकरी थापली, तिला कडा आल्याच नाहीत. करुणाने केलेलं लिंबाचं लोणचं आज संपलं. बरणी धुतली नाही, तशीच ठेवली. घाई कशाला.

१४ मार्च, गुरुवार
बारामतीच्या स्टँडवर मेव्हणा बुद्धघोष भेटला. जयभीम झाला. मी त्याला गाडी दाखवली, सोळा स्टिकर गेले म्हणून सांगितलं. तो गाडीकडे बघेना. म्हणाला, “दाजी, दिवाळी झाल्यावर आई अठरा दिवस दवाखान्यात व्हती. इंदापूर काय लांब हाय व्हय? ताई रोज तुमची वाट बघत जिन्यात येऊन बसायची. तुमी एकदाबी आला न्हाय.”
मी म्हणालो, उसाचा सीझन सुरू झाला होता, रजा मिळत नव्हती. तो म्हणाला, “रजा मागितली व्हती का?” विषय भरकटवायची त्याला सवयच आहे.
संध्याकाळी शेवटचा स्टिकर काढला. जेवलो नाही. भूक नव्हती इतकंच.

१८ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७
रजा मागितली. लगेच मिळाली.
सकाळी नऊला कळसला पोचलो. सासूबाई मालनबाई काठी घेऊन दारात होत्या. म्हणाल्या, “या.” एवढंच. करुणा बाहेर आली, वाळली आहे. स्टिकरांबद्दल एक शब्द नाही. टाकीवरचा उघडा पत्रा बघितला आणि म्हणाली, “पडलात का कुठं? लागलं न्हाय ना?” मी म्हणालो, नाही. बरं वाटलं. मेहनत अगदीच वाया गेली नव्हती.
तिला इंदापूरला पंचायत समितीत जायचं होतं. म्हणालो, बस, सोडतो. बसली. पाच महिन्यांनी मागे वजन आलं, गाडी नीट चालू लागली.
वाटेत ती मागून बोलत होती. समोरून उसाच्या ट्रॉल्या, वारा, इंजिनाचा आवाज. ‘ऱ्हाते’ ऐकू आलं, ‘चालंल ना’ ऐकू आलं. मला काय ते कळलं. मान न वळवता ओरडलो, “चालेल! मी कधीचा तेच म्हणतोय!” तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंदापूरपर्यंत तसाच होता. ती घरी यायच्या आत पुढच्या खोलीला चुना लावून घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं.
कचेरीसमोर उतरली तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, “मला वाटलं, तुमी चिडणार. अंगणवाडीची आर्डर कळसचीच हाय. आईजवळ ऱ्हाते म्हणलं, कायमची, तर तुमी एका शब्दानं हो म्हणला. चौदा वर्षांत पयल्यांदा माझं ऐकून घेतलंत.”
ऐकू आलं नव्हतं, असं सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. इतकं चांगलं तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं, आठवेना. म्हणालो, “आर्डर नीट वाचून सही कर.”
ती म्हणाली, थांबू नका, परत एस.टी.नं जाईन. पायऱ्या चढून गेली. मी थोडा वेळ थांबलो. गाडी तापली होती म्हणून.

१९ मार्च, मंगळवार
दगडाबाईंनी विचारलं, करुणा कधी येणार? मी म्हणालो, सविस्तर बोलणं झालं. आमच्या दोघांच्या विचारानं ठरलंय, ती तिकडेच राहील.
त्या म्हणाल्या, “दोघांच्या इचारानं असंल तर बरं झालं.”
मीही म्हणालो, बरं झालं.