चहा झाल्याचा मिसकॉल

शनिवार, ४ मे

पोचलो! आणि पोचल्या पोचल्या माझ्या फोनचा जीव गेला.

वन्संनीच घेतला. विमानतळावर त्यांनी इथलं सिमकार्ड विकत घेतलं, स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि माझं सिम काढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणे, "घरचं सिम इथे चालू राहिलं तर बिल येईल आणि बिल बघून तू जाशील." नखाएवढं ते सिम, ठेवायचं कुठे? सुयांच्या डबीत ठेवलं. ब्लाऊज शिवणारीकडे त्याहून सुरक्षित जागा नाही.

आता वन्संच्या फोनमधून माझ्या फोनला नेट मिळतं. पण त्या जवळ असतील तोवरच! त्या दोन दुकानं पुढे गेल्या की माझं नेट गेलं. म्हणून दिवसभर मी त्यांच्या पदराला बांधल्यासारखी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आख्खा वॉर्ड त्यांच्या भुवईला घाबरायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घाबरते.

आणि नेमकी त्यांच्यापासूनच लपवायची गोष्ट घेऊन आलेय. लिहू? लिहितेच.

घड्याळजींनी मला मागणी घातली!!

रविवार, ५ मे

काल एवढं लिहून वही मिटली. गाल तापले होते. या वयात!

आज नीट लिहिते. वन्सं शेजारी नाश्त्याचे फोटो काढतायत. माझं दुकान आणि घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. दुपारी मी चहा टाकते, बरोब्बर चारला झाला की त्यांना मिसकॉल देते. तो उचलायचा नसतोच. ते डोळ्यावरचं भिंग काढतात आणि रस्ता ओलांडून येतात. आमचे हे जाऊन एक तप उलटलं, त्यातली बरीचशी वर्षं हा चहा चालू आहे. चहात काही पाप नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बशी खाली ठेवून म्हणाले, "दुकानाला गिऱ्हाईक आलंय. विकून भावाकडे जाऊन राहावं म्हणतो. नाहीतर इथेच राहीन... तुमच्याबरोबर. लग्न करून."

मी काय करावं? मशीन चालवत सुटले! पाय खाली-वर, खाली-वर. सुईत दोराच नव्हता. ते बघत बसले. मग म्हणाले, "त्याला बुधवारपर्यंत थांबवलंय. हो असेल तर चारचा मिसकॉल द्या. नाही आला तर मी समजेन." जाताना माझं मनगटी घड्याळ तपासून दिलं. "याचे काटे फिरवू नका हं. इथलीच वेळ राहू द्या."

(विमानातून उतरल्यावर सगळ्यांनी फिरवले, मीही फिरवले. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ हातात बरं दिसत नाही.)

सोमवार, ६ मे

चौकात एक भलंमोठं घड्याळ आहे. मागे पडलेलं! सगळं गाव खालून ये-जा करतंय, कुणाला पत्ता नाही. मला हसू फुटलं. ते असते तर तिथल्या तिथे शिडी मागितली असती. सांगायला वळले, तर शेजारी वन्सं. "काय झालं दात काढायला?"

काही नाही, म्हटलं. पण झालं होतं. जे दिसेल ते घड्याळजींना सांगावंसं वाटतंय. म्हणजे हो. हो हो हो!

आता हा 'हो' पाठवायचा कसा? त्यांचा फोन बटणांचा, त्याला नेटबिट काही कळत नाही. माझं सिम डबीत. दुकानातल्या काजं-बटणं करणारीला निरोप द्यावा, तर तिला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. उरला वन्संचा फोन. तो त्यांच्या हातातून सुटत नाही, झोपतानासुद्धा उशाखाली.

मंगळवार, ७ मे

दिला!! मिसकॉल दिला!!

कारंज्यापाशी वन्संना फोटोची लहर आली. फोन आपणहून माझ्या हातात! घड्याळात बघते तर चारच वाजत होते. म्हटलं, देवच पावला. "वन्सं, थोडं मागे... मान तिरकी... हसा." त्या हसल्या. मी पाठ असलेला नंबर दाबला. तिकडे एकदा वाजलं, मी कापलं. वन्सं तशाच हसत उभ्या! "झाला का गं? गाल दुखले." फोटोत माझा अंगठा आलाय आणि कोपऱ्यात त्यांचा अर्धा चष्मा.

मी दोन आइस्क्रीमं खाल्ली.

नंतर—

काय लिहू! काजं-बटणं करणारीचा मेसेज आला. 'ताई दुकान बंद केलं. घड्याळजी सगळ्यांना सांगतायत, आत्ता परदेशातून चोरांचा फोन आला होता, असे नंबर कोणी उचलू नका.'

चोर! मी चोर!

नंबर इथला, ते कसे ओळखणार? आणि इथले चार म्हणजे तिथली दुकानं बंद करायची वेळ. तेव्हा कसला चहा? काटे फिरवू नका म्हणाले होते ते याचसाठी. हसावं की रडावं कळेना. आधी हसले.

काटे मागे... नाही, पुढे. मेसेजवरची वेळ बघून फिरवले. आता मनगटावर आमची गल्ली आहे.

बुधवार, ८ मे

आजच. आज नाही तर दुकान गेलं, आणि ते गेले.

घरचे चार म्हणजे इथे भर जेवणाची वेळ. वन्सं घास घेतायत आणि मी म्हणतेय, "फोटो काढते तुमचा."

"जेवताना?"

"छान दिसताय."

वन्संना कोणी छान म्हटलं नसावं बऱ्याच दिवसांत. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, फोन दिला. काटा बाराच्या डोक्यावर आला तसा नंबर दाबला. एक रिंग. कापला. कुठल्याही नंबरवरून येऊ दे, बरोब्बर चारला एकच रिंग देणारं दुसरं कोण आहे त्यांना? ओळखतील. ओळखतीलच! घड्याळजीच आहेत ना ते?

आणि फोटोही छान आला. खरंच.

गुरुवार, ९ मे

मेसेज: 'ताई घड्याळजींच्या दुकानाला शिडी लावलीये. पाटी उतरवली.'

विकलं.

न्हाणीघरात नळ सोडून रडले. पण मेट्रनसमोर नळाचं काय चालणार! दार वाजवलं, बाहेर काढलं, बसवलं, पाणी दिलं. मग सगळं सांगितलं मी. चहा, शिडी, चोर, सगळं. त्यांच्याच भावाची बायको मी, आणि त्यांच्याचसमोर म्हटलं, "मला ते हवे होते हो, वन्सं."

भुवई वर गेली. "माझ्या फोनवरून एकाच नंबरला दोनदा फोन गेलाय, तो दिसतो त्यात. मी काय नुसती फोटोला हसत बसले असं वाटलं तुला?"

फोन उचलून बाल्कनीत गेल्या. दार लावून घेतलं. परत आल्या त्या फोन उशाखाली ठेवून झोपल्या. माझं काय होणार आता?

शुक्रवार, १० मे

जेवणाच्या टेबलावर वन्सं म्हणाल्या, "पाटी रंगवायला उतरवलीये, वेडे. चारच्या रिंगला ओळखलं त्यांनी, गिऱ्हाइकाला बुधवारीच परत पाठवलं. पण मिसकॉल समजून माझा फोन काही उचलत नव्हते. तीनदा लावला तेव्हा उचलला."

मग माझं मनगट धरून घड्याळ बघत बसल्या. चार वाजले तसा स्वतः नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कापला.

"हा माझ्याकडून."