मातोश्री केशरबाईंचा पुतळा

संगमनेर,
ता. ९ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. मनकर्णाअक्कास,
मच्छिंद्राचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मुंबईहून मूर्तिकला शिकून आलो तेव्हा वाटलं होतं, हातून काहीतरी घडेल. घडतायत ते नुसते पुढाऱ्यांचे अर्धपुतळे. टोपी तीच, जाकीट तेच, मिशा तेवढ्या बदलायच्या. माती कालवायला बसलो की हात जड होतात. ड्रॉइंग मास्तरची जागा निघालीय, अर्ज लिहून ठेवलाय.

तोवर एक काम आलंय. इथले आबासाहेब चेअरमन मुलींच्या बोर्डिंगपुढे आपल्या कैलासवासी आईचा, केशरबाईंचा, पुतळा बसवणार आहेत. फोटो एकही नाही. ते तान्हे असतानाच ती गेली, त्यामुळे त्यांनाही आठवत नाही. तोंडावर माया दिसली म्हणजे झालं, म्हणाले. माया कुठून आणू?

दाजींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
मच्छिंद्र


शेंडी, ता. अकोले,
१८ फेब्रुवारी

चि. मच्छिंद्रास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मास्तरकीचं वाचून तुझे दाजी लई हसले. म्हणाले, ज्याला शाळेत उचलून न्यावं लागायचं, तो आता दुसऱ्याची पोरं बसवणार! तसलं काही करू नको. माया कुठून आणू म्हणून काय इचारतोस? बाजाराच्या दिवशी जाऊन बस. मेथीच्या जुड्या घेऊन म्हाताऱ्या बसतात, त्यांची तोंडं बघ.

इकडं धरणावरचा वारा बोचरा हाय. धाकटीला खोकला झालाय. आपली आई कशी दिसायची म्हणून पोरं इचारतात. मी सांगते, कपाळ मोठं, भुवईवर विळ्याची खूण, हसू आलं की तोंडाला पदर. पण सांगून कुठं माणूस दिसतं? तिचाबी फोटो न्हाई.

हात फुटू देऊ नको, तेल लाव. माया हायच, ती पातळ होऊ देऊ नको.

अक्का


संगमनेर,
२ एप्रिल

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

बाजारात गेलो. एका म्हातारीनं विचारलं, भाजी घेतोस का नुसताच बघतोस. एकही तोंड मनात बसलं नाही. चिडून घरी आलो, माती नुसती थापत बसलो, आणि अक्का, बोटांखाली आईचं कपाळ आलं. मग थांबलोच नाही. आपण नदीवरून चिंब होऊन यायचो आणि रागावता रागावता ती हसू दाबायची, ते तोंड. कित्येक वर्षांनी जेवायचं विसरलो.

आबासाहेब आले, बघत राहिले आणि डोळ्यांना रुमाल लावला. अगदी आमची आई, म्हणाले. गाल जरा भरा, भुवईवरची खूण बुजवा, गळ्यात मोहनमाळ घाला, एवढंच सांगितलं. मी केलं. पाडव्याला पुतळा बसला. मास्तरकीचा अर्ज फाडून टाकला. एकदा येऊन आईला बघून जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मच्छिंद्र


शेंडी,
२३ एप्रिल

चि. मच्छिंद्रास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुला न कळवता मंगळवारी आले हुते. एस.टी.तून उतरले ती सरळ बोर्डिंगवर. लांबूनच आई दिसली. जवळ गेले तर खाली नाव केशरबाईंचं. छगन म्हणून पहारेकरी हाय, त्यानं कुठल्या बाई म्हणून इचारलं. अकोल्याकडची, सहज आले, म्हटलं. तो सांगाया लागला, या मातोश्री मोठ्या घरातल्या, कधी उन्हात पाऊल पडलं न्हाई. पोरी पाया पडून शाळेला जात हुत्या. मी तोंडावरनं हात फिरवाया गेले, तर त्यानं हटकलं.

आपली आई दुसऱ्याच्या बांधावर गवत कापता कापता ऊन लागून गेली, मच्छिंद्र. तिला सोनं घातलंस अन् नाव पुसलंस. तुझ्या घरी यायची इच्छा झाली न्हाई, तशीच परतले.

आता एक कर. खूण असलेली, बिनसोन्याची, आमच्या घरापुरती एक आई करून दे. लहान असली तरी चालंल.

अक्का


संगमनेर,
११ जून

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं खरं आहे. पण आईशिवाय माझा हात हललाच नसता, हेही खरं.

तू सांगितलेली आई करायला बसलो. पुन्हा पुन्हा मोडली. डोळे मिटले की आता तो पुतळाच दिसतो. भुवईवर खूण काढली, तर मातीला तडा गेल्यासारखी दिसते. खरी आई मला आता आठवत नाही, अक्का.

दुसरं कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तो पुतळा बघून राहुरी-श्रीरामपूरकडच्या आणखी काहीजणांनी आपापल्या आयांचे पुतळे सांगितलेत. एकानं तर फोटो आणून दिला, आणि तोंड मात्र बोर्डिंगवरच्यासारखंच ठेवा म्हणाला. मी कामं घेतली. साचा तयारच आहे. आता कामाला तोटा नाही.

तुझ्या घरासाठी त्यातलीच एक पाठवू का? जमेल तेवढा राग कमी कर.

मच्छिंद्र


शेंडी,
२० जून

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद. वि. वि.

पाठवू नको. यंदा पित्राला येऊबी नको. आईचं पान मी एकटीच वाढीन.

परवा सपनात एक बाई दारात उभी हुती. भरल्या गालांची, गळ्यात मोहनमाळ. मी इचारलं, कुणाकडं आलात बाई? ती पदर तोंडाला लावून निघून गेली, तवा मला कळलं ती कोण हुती. हाका मारीत उठले.

कामं नीट कर.

मनकर्णा