आक्काच्या स्टेशनातला सोपा

१२ जुलै, रविवार. सांबरा

निपाणीहून आक्का आलती, लॅपटॉप घेऊन. अंतराळात स्टेशन बांधून चालवायचा हा गेम दिवाळीत मीच तिला शिकवला. तेव्हा तिला हवेची टाकीसुद्धा जोडता येत नव्हती. आज तिच्या स्टेशनात साठ माणसं, आणि एक सोडून सगळ्यांचे चेहरे हिरवे, म्हणजे खूश. माझ्याकडे हवा, पाणी, वीज सगळं चोख, तरी निम्मे चेहरे लाल.

कारण काय, तर तिनं केलेला सोपा, घराच्या पुढच्या बैठकीसारखा. बाहेरच्या दाराला लागूनच तिनं एक खोली मोकळी ठेवलीय, बाकडी टाकून. त्या जागी मी बॅटऱ्या रचल्यात.

"बाहेरनं आलेलं माणूस आदी जरा टेकतंय रं, मग कामाला लागतंय," म्हणाली.

मला का सुचलं नाही? आमच्याच घरातला सोपा की तो. आप्पा दिवसभर तिथंच बसतात.

पण तो एक लाल चेहरा. ती चहा ठेवायला गेल्यावर मी तोच उघडला, तिची काहीतरी चूक सापडेल म्हणून. नाव आक्कानं ठेवलेलं होतं, माझंच. खालची तक्रार मात्र गेमनं आपणहून लिहिली होती: शेजाऱ्याची खोली माझ्यापेक्षा चांगली आहे.